रूळ कोरडा, बेअरिंग ओलं

माझ्याकडे एक गाडी आहे आणि ती माझ्याहून एका वर्षाने मोठी आहे. 'माझ्याकडे' म्हणणं तसं अतिच झालं. मालक तीन आहेत. मी, हापिसातला एक नागपूरकर आणि एक कोइमतूरचा. वीकांत आलटूनपालटून वाटून घ्यायचे आणि खर्च भागिले तीन. फोक्सवॅगनची टी४, मॉडेल १९९७. मागच्या भागात दोन शेगड्या, टीचभर बेसिन, त्याहून टीचभर फ्रिज, रात्री आडवी होऊन खाट बनणारी सीट आणि वर उचलता येणारं छप्पर. पुण्यात एवढ्या जागेला 'वन आरके' म्हणतात आणि वर डिपॉझिट मागतात. इथे जर्मनीत कॅम्पर म्हणतात आणि लोक हौसेने त्यात सुट्टी घालवतात.

आम्ही राहतो हानोव्हरला, आणि गाडीचं माहेरही हेच. १९४७ च्या एप्रिलमध्ये बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने वहीच्या पानावर एका डब्याचं चित्र काढलं. मागे इंजिन, पुढे ड्रायव्हर, मध्ये सामान. त्यातून १९५० साली व्हॅन तयार झाली आणि १९५६ पासून ती हानोव्हरच्या नव्या कारखान्यात बनायला लागली. १९६७ साली दुसरी पिढी आली तेव्हा बाजूच्या दोन पाखांच्या दाराच्या जागी सरकतं दार आलं आणि तेच कायम झालं. टी४ ही चौथी पिढी, १९९० ते २००३. इंजिन मागून पुढे आलं ते हिच्यात. आतला संसार मात्र हानोव्हरचा नाही, तो वेस्टफालिया कंपनीने ऱ्हेडा-वीडेनब्रुक नावाच्या गावात थाटून दिलेला.

एवढी वंशावळ सांगायचं कारण म्हणजे आजचा विषय आहे या गाडीचं सरकतं दार, आणि ते दुरुस्त करणारा माणूस. तो माणूस मी नाही. म्हणजे पाने-स्क्रूड्रायव्हर बहुतेक वेळ माझ्याच हातात होते, पण कुठला नट कधी फिरवायचा हे सांगणारे पप्पा होते.

पप्पा इचलकरंजीत शाळेची व्हॅन चालवतात. मी दुसरीत असताना त्यांची सूतगिरणी बंद पडली. सहा महिने इकडेतिकडे करून झाल्यावर त्यांनी एक जुनी मारुती ओम्नी घेतली आणि आमच्याच शाळेची पोरं न्यायला-आणायला लागले. पहिली ओम्नी दहा वर्षं चालली. दुसरी २०१४ ची, ती अजून आहे. माझं इंजिनियरिंग, ताईचं बी.एड., घरावरचा वरचा मजला, सगळं त्या ओम्नीतून आलेलं. ओम्नी बनायची बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली (२०१९ मध्ये थांबली), पण आमच्या गल्लीत तो विषय कुणी काढत नाही.

तर यंदा मे महिन्यात आई-पप्पा पहिल्यांदा इकडे आले. शाळांना सुट्टी, व्हिसा नव्वद दिवसांचा, पण पप्पांनी परतीचं तिकीट चौतिसाव्या दिवसाचं काढायला लावलेलं. "जूनला शाळा सुरू हुत्यात. गाडी कोण काढणार?"

पहिले चार दिवस त्यांनी काय केलं? खिडकीत बसून ट्राम मोजल्या. पाचव्या दिवशी मी त्यांना खाली नेऊन कॅम्पर दाखवली. मला वाटलं शेगडी, फ्रिज, छप्पर बघून म्हणतील, वा! ते सरळ बाजूच्या दारापाशी गेले, हँडलला हात घातला, दार वीतभर सरकवलं, पुन्हा मागे आणलं आणि म्हणाले,

"हे मागनं बसलंय."

दार जड झालंय हे आम्हा तिघा मालकांना हिवाळ्यापासून माहीत होतं. नवे रोलर मागवलेले होते, पाकीट कपाटात येऊन पडलं होतं, नागपूरकराच्या वाट्याच्या वीकांताला काम करायचं असं ठरलंही होतं. पण नागपूरकर सुट्टीवर गेला आणि आमची समुद्राची ट्रिप आधी आली.

उत्तर समुद्रावर कुक्सहाफेनला गेलो. तिथे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की नजर पोचेल तिथवर नुसता ओला चिखल आणि त्यात चालणारी माणसं. २००९ पासून हा किनारा जागतिक वारसा आहे. पप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या चिखलात एवढे खूश होते की मी आठ-दहा फोटो काढले. आईचे दोन्ही गुडघे ऑपरेशनचे, ती गाडीतच बसली. म्हणाली, चहा टाकते, या.

परत आलो तर दार उघडेना.

बाहेरून हँडल ओढलं, आतून आईने ओढलं. आत 'टक' असा आवाज येतो, म्हणजे तार ओढली जातेय, पण खटका सुटत नाही. आत शेगडी चालू होती. आईने आधी गॅस बंद केला, मग काचेतून आम्हाला हाताने 'थांबा' केलं आणि शांतपणे सीटवर बसली. पुढच्या दोन सीटच्या मधल्या फटीतून धडधाकट माणूस पुढे येतो, पण गुडघा तेवढा वाकवणं तिला शक्य नव्हतं. मागचं दार उघडलं तर समोर खाटेचा पाट आणि सामान. म्हणजे आईसाठी गाडीला एकच दार होतं, आणि ते बंद होतं. शेगडी, गॅसची टाकी, पडदे आणि एकच दार. ही यादी डोक्यात तयार व्हायला मला साधारण दोन सेकंद लागली, आणि त्यानंतर पोटात जे झालं ते सांगत नाही.

पप्पांनी मला बाजूला केलं नाही, ओरडले नाहीत. दाराच्या मागच्या कडेला खाली वाकले, डावा खांदा हँडलच्या पट्टीखाली घातला आणि म्हणाले, "मी उचलतो. उचललं की ओढ. झटका द्यायचा न्हाई." त्यांनी उचललं, दार बोटभर वर गेलं, मी हँडल ओढलं, खटका सुटला. दार उघडलं आणि त्याच क्षणी मागच्या बाजूने खाली लोंबकळलं. रुळातून प्लास्टिकचे दोन तुकडे वाळूवर पडले. आई हातात स्टीलचं भांडं घेऊन दारात. "चहा गार झाला," म्हणाली.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा येत असेल तर पुढचे दोन परिच्छेद गाळा, पण मग शेवटचं कळणार नाही :-)

साधं दार बिजागरीवर फिरतं. सरकत्या दाराला बिजागरी नसते, ते तीन जागी धरलेलं असतं. वर पुढच्या कोपऱ्यात एक रोलर, खाली पायरीपाशी पुढच्या कोपऱ्यात दुसरा, आणि मागे दाराच्या मध्यावर तिसरा, जो गाडीच्या बाहेरच्या अंगाला दिसणाऱ्या लांब रुळात धावतो. शाळेत शिकलो होतो की तीन बिंदूंनी एक प्रतल ठरतं, तेच हे. वरचा रोलर फक्त दार आत-बाहेर कलू देत नाही, वजन घेत नाही. वजन खालचा आणि मागचा घेतात. तिन्ही रूळ पुढच्या टोकाला आत वळलेले असतात. म्हणून बंद होताना शेवटच्या वीतभर अंतरात दार नुसतं पुढे न जाता आत जातं, रबर दाबतं आणि मागचा खटका खांबावरच्या खुंटीला पकडतो.

मागच्या रोलरचं प्लास्टिक झिजलं की दाराचा मागचा भाग दोन-तीन मिलिमीटर खाली येतो. एवढ्याने काय होतं? तर खटका आणि खुंटी समोरासमोर येत नाहीत. जोर लावला की येतात, पण आता दाराचं वजन रोलरवर नाही, खुंटीवर बसलेलं असतं. खटका त्या वजनाखाली आवळला जातो आणि तार कितीही ओढा, सुटत नाही. आमच्या दाराचं हेच झालं होतं. यात गाडीचा काही दोष नाही. अठ्ठावीस वर्षं, दरवर्षी समुद्रकिनारा, आणि प्रत्येक मालकाने 'दार जड झालं' म्हणून रुळात भरलेलं ग्रीस. ग्रीसमध्ये वाळू बसली की ती पॉलिश करायची पेस्ट होते. मग रोज थोडं थोडं घासलं जातं.

तर ते लोंबकळणारं दार आम्ही दोघांनी उचलून बंद केलं, आतून पट्ट्याने सीटच्या पायाला बांधलं, आईला पुढे बसवलं, पप्पा पुढच्या दारातून मागे सरपटत गेले आणि दोनशे किलोमीटर गाडी हळूहळू घरी आणली.

पुढचा शनिवार. जर्मनीत रविवारी ठोकाठोकी करता येत नाही, शेजारी दारात उभे राहतात. बिल्डिंगखाली गाडी खोलायचीही सोय नाही. पण इथे एक मस्त प्रकार असतो, तासाच्या भाड्याने मिळणारं गॅरेज. जागा, लिफ्ट, हत्यारं त्यांची, अक्कल आणि घाम आपला. पप्पांना हे पटेना.

"मिस्त्री कुठाय?"

"मिस्त्री नसतो पप्पा. आपणच करायचं."

"मग पैसे कशाचे?"

"जागेचे."

"आरं, आपल्याकडं मिस्त्री पैसे घेतो आणि जागा रस्त्याची असते," असं म्हणून ते मनापासून हसले. आल्यापासून पहिल्यांदा.

काम सुरू करायच्या आधी मला एक आकडा हवा होता. सवयच ती. हापिसात काहीही दुरुस्त करायचं तर आधी मोजायचं, नाहीतर नंतर 'आता बरं वाटतंय' यापलीकडे काही सांगता येत नाही. पप्पांच्या बॅगेत सामान तोलायचा हुकवाला काटा होता, तेवीस किलोच्या धास्तीने इचलकरंजीहून आणलेला. तो मी दाराच्या हँडलला अडकवला. बंद करण्याच्या दिशेने ओढलं. दार हललं तेव्हा काट्यावर १७.४ किलो. पप्पा चष्मा वर करून आकडा बघत राहिले. काही बोलले नाहीत.

मग काम. दार अर्धं उघडं ठेवून खाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर जुन्या सतरंजीची घडी. सगळं वजन जॅकवर घेतलं. मागच्या रुळाच्या टोकाची टोपी काढली की रोलरची गाडी बाहेर सरकते. ती हातात घेतली तर वजन घेणाऱ्या रोलरचं प्लास्टिक निम्मं गायब, उरलेला धातू एका बाजूने चपटा. म्हणजे तो फिरतच नव्हता, घसटत होता. खालचा रोलर फिरत होता, पण दळायच्या जात्यासारखा आवाज करत.

रूळ साफ करायला पप्पांनी रॉकेल मागितलं. रॉकेल कुठून आणू? ब्रेक साफ करायचा स्प्रे मिळाला. आइस्क्रीमच्या काड्यांनी आतला काळा चिकट थर खरवडून काढला. वाटीभर निघाला. बोटांत चोळला तर वाळू खरखरत होती. कुठल्या कुठल्या समुद्रांची असेल, देव जाणे.

रूळ लख्ख झाल्यावर मी ग्रीसची ट्यूब उचलली. पप्पांनी हात धरला.

"रुळाला ग्रीस न्हाई लावायचं. रूळ कोरडा, बेअरिंग ओलं. रूळ ओला केलास की रस्ता गाडीत आला."

आमच्या सिस्टिम डिझाइनच्या मीटिंगमध्ये हे वाक्य भिंतीवर लावावं असं मला तेव्हापासून वाटतंय. तेल जिथे फिरायचंय तिथे, आणि वाट स्वच्छ. आम्ही उलट करतो. जिथे अडतं तिथे 'पुन्हा प्रयत्न करा' असा थर देतो, तो थर धूळ पकडतो, मग त्यावर आणखी एक थर.

नवे रोलर बसले. खालच्या कंसाचे दोन बोल्ट लांबट भोकांत असतात, ते सैल करून दाराचा पुढचा भाग वर-खाली करता येतो. मी दार लावून बघितलं. खटका बसला, पण दार शेवटी किंचित उडी मारून वर चढल्यासारखं वाटलं. मला ते चालण्यासारखं होतं. पप्पांना नव्हतं.

"खुंटी काढ."

"काय?"

"खांबावरची खुंटी काढून टाक. दार नुसतं टेकू दे. फटी बघ. वर-खाली सारखी फट आली की मग खुंटी दाराजवळ न्यायची. दार खुंटीजवळ न्यायचं न्हाई. कुलपानं दार उचलायचं नसतं, कुलूप धरायला असतं."

खुंटी काढली. दार बिनअडकता टेकवलं तर मागची फट खाली अरुंद, वर रुंद. म्हणजे अजून तीन मिलिमीटर खाली. मागच्या गाडीचे बोल्ट सैल करून, जॅक अर्धा फेरा वर, पुन्हा आवळून, पुन्हा फट बघून, असं सहा वेळा केलं. सहाव्या वेळी फट सारखी आली. मग खुंटी लावली आणि बरोबर खटक्याच्या तोंडात आणून आवळली.

याच सहा वेळांमध्ये कधीतरी ते झालं. वरच्या रोलरचा बोल्ट तपासायचा होता. पप्पा उभे होते, मी जमिनीवर जॅकपाशी. म्हटलं, पप्पा, वरचा जरा बघता का? त्यांनी पाना डाव्या हातात घेतला. उजव्या हाताने दार धरलं असतं तर सोपं होतं, पण तो हात कंबरेपाशीच राहिला. मला कुक्सहाफेन आठवलं. तिथेही त्यांनी डावाच खांदा लावला होता.

"उजवा हात वर जात नाही का?"

"जातो की." त्यांनी दाखवला. खांद्याच्या उंचीच्या खाली तो थांबला. "एवढा जातो. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणला, सांधा आखडलाय."

"आईला माहीत आहे?"

"शर्ट तीच घालती की."

मग ते स्टुलावर बसले आणि, पप्पांच्या मानाने, खूप बोलले. ओम्नीचं उजवीकडचं सरकतं दार त्यांनी पहिल्याच वर्षी कायमचं बंद करून टाकलं होतं, पोरं रस्त्याच्या अंगाला उतरू नयेत म्हणून. उरलं डावं. ते पोरांना उघडू-लावू द्यायचे नाहीत. एक पोरगं आत बसताना दुसऱ्याने दार ओढलं की बोटं सापडतात. दुसऱ्या एका व्हॅनमध्ये तसं झालेलं त्यांनी बघितलं होतं. म्हणून प्रत्येक थांब्यावर स्वतः उतरायचं, गाडीला वळसा घालून डावीकडे यायचं, दार उघडायचं, पोरगं बसलं की हात आत आहेत का बघायचं, आणि स्वतः ओढून लावायचं. ओम्नीच्या डाव्या बाजूला उभं राहिलं की गाडीचं तोंड आपल्या डावीकडे येतं. म्हणजे दार बंद करायला उजवा हात अंगावरून आडवा ओढावा लागतो.

"हितं उलटं हाय," ते म्हणाले. "हितं दार उजव्या अंगाला. डाव्या हाताचं काम हाय. मला हे दार बरं पडतंय."

माझ्या डोक्यात आकडेमोड चालू झाली, ती थांबवता येत नाही. सकाळची शाळा, दुपारची शाळा, दोन्हीचं नेणं-आणणं, म्हणजे दिवसाला चार फेऱ्या. फेरीत आठ थांबे आणि शाळा, नऊ वेळा दार. छत्तीस वेळा उघडायचं, छत्तीस वेळा लावायचं. बहात्तर. वर्षाला शाळेचे दोनशेवीस दिवस धरले तर पंधरा हजार आठशे चाळीस. वर्षं एकवीस, पण करोनात शाळा बंद होत्या ती दोन वजा (तेव्हा ते त्याच ओम्नीतून भाजी पोचवायचे). एकोणीस वर्षं.

तीन लाख नऊशे साठ.

मी आकडा सांगितला. पप्पांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "पण एका पोराचं बोट सापडलं न्हाई."

यावर काय बोलायचं? मी तरी काही बोललो नाही. जॅक खाली घेतला.

गॅरेज बंद व्हायला वीस मिनिटं होती. काटा पुन्हा हँडलला अडकवला. दार हललं तेव्हा ३.८ किलो. पप्पांना खरं वाटेना, म्हणून काटा शून्य करून पुन्हा बघितलं. ३.८. मग त्यांनी काटा बाजूला ठेवला, डाव्या हाताची दोन बोटं हँडलमध्ये घातली आणि दार लावलं. सरकत्या दाराचा नीट बसल्यावर येणारा एक आवाज असतो. आपटल्याचा नाही, मिटल्याचा. तो आला. त्यांनी पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. पलीकडच्या जागेत एक जर्मन आजोबा सायलेन्सर बदलत होते, त्यांनी मान वर करून अंगठा दाखवला.

मग आतून. आईला सोमवारी खाली आणून आतून बंद केलं आणि म्हटलं, उघड. तिने एका हाताने उघडलं. दुसऱ्या हातात पर्स होती. ती म्हणाली, "एवढंसं होतं तर मग एवढं का अडलं?" तिला मिलिमीटर दाखवायला माझ्याकडे पट्टी नव्हती.

आता तुम्हाला वाटेल की त्या रात्री मी पप्पांना म्हटलं असेन, बास झालं, गाडी विका, मी पैसे पाठवतो. म्हटलं. म्हणून झालं. ते 'बरं' म्हणाले, म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "बंद करून करू काय? ट्राम मोजू?" त्यांना व्हॅन चालवायला आवडते. चौदा पोरांच्या आयांचा फोन नंबर पाठ असलेला माणूस आहे तो. आणि पैसे पाठवून मी फार तर उत्पन्न भरून काढीन, सकाळी साडेसहाला कुणीतरी वाट बघतंय हे कुठून पाठवू?

मग मी मला जमतं ते केलं. काटा त्यांच्याच बॅगेत ठेवला आणि सांगितलं, घरी गेल्यावर ओम्नीच्या डाव्या दाराला लावा आणि आकडा कळवा. त्यांनी मान हलवली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताईने फोटो पाठवला. हँडलला अडकवलेला काटा, मागे आमची गल्ली, अर्ध्या फोटोत पप्पांचा अंगठा. १२.६. म्हणजे दिवसाला बहात्तर वेळा, नऊशे किलो. डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे काढला होता, दाराचा कुणी काढला नव्हता. रोलर मिळतात, दुकान स्टँडजवळच आहे, महाग नाहीत. पप्पांना हे सगळं माझ्याआधी माहीत होतं. चालू हंगामात गाडी दोन दिवस उभी करणं त्यांना जमत नव्हतं, आणि सुट्टीत दरवर्षी दुसरं काहीतरी निघत होतं. ताईने शनिवारी गाडी अडवली. शब्दशः, गेट लावून किल्ली घेतली.

रविवारी व्हिडिओ कॉलवर दुरुस्ती झाली. (तिकडे रविवारी ठोकलेलं चालतं, हा आपल्या संस्कृतीचा मोठेपणा.) रूळ रॉकेलने धुतला. खुंटी काढली. फट बघितली. ताईला बोल्ट कुठला सैल करायचा हे पप्पा सांगत होते आणि मी मध्येमध्ये 'खुंटी दाराजवळ न्यायची' म्हणत होतो, ते दोघेही माझ्याकडे दुर्लक्ष करत होते. शेवटी काटा. ४.१.

खांदा त्याने बरा होणार नाही, हे मला कळतं. फिजिओथेरपी चालू आहे, आठवड्यातून तीनदा, हात आता खांद्याच्या वर चार बोटं जातो असं आई सांगते. शेजारच्या काकूंचा मुलगा सकाळच्या फेरीला बरोबर बसतो, दार तो उघडतो-लावतो. दुपारी त्याचं कॉलेज असतं, तेव्हा पप्पा उतरतात. छत्तीस राहिले, तेही ४.१ किलोचे.

परवा फोनवर सहज विचारलं, दार कसं आहे? म्हणाले, हलकं झालंय, आता पोरंच मागे लागलीत, काका आम्ही लावतो म्हणून.

"मग?"

"मग काय? न्हाई म्हटलं. बोटं सापडत्यात."